मांडी थरथरते तेव्हा

थंडी पडली की ठाण्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात शरीरसौष्ठवाच्या कुठल्या ना कुठल्या 'श्री' स्पर्धेचं स्टेज लागतं आणि तोच वाद पुन्हा निघतो: हे खेळाडू की नुसतं शरीर दाखवणारे? पळणं नाही, चेंडू नाही, घड्याळ नाही, मग खेळ कसला?

माझ्या मते ते खेळाडूच आहेत. जिममध्ये किती किलो मारतात यावरून मी हे म्हणत नाही, ती तयारी झाली. सामना स्टेजवर होतो.

आरशासमोर साइड चेस्ट, म्हणजे बाजूने छाती दाखवायची पोझ, धरून बघा. पंचांकडचा गुडघा वाकवा, टाच उचला आणि चवडा जमिनीत दाबा, म्हणजे पोटरी उठते. त्याच बाजूचा हात कोपरात काटकोनात, मूठ आवळलेली. दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरा. पोट आत, छाती वर, चेहरा मोकळा. थोड्याच वेळात मांडी थरथरायला लागते, कारण आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. अशा सात पोझ ठरलेल्या असतात. चुरस असली की पंच त्याच पाच-सहा जणांना पुन्हा पुढे बोलावतात, जागा बदलायला लावतात, परत पोझ मागतात. म्हणून शेवटचे दोन महिने रोज वीस-तीस मिनिटं निव्वळ पोझिंग हवं. ज्याने ते टाळलं तो रांगेत मागे उभा असतानाच कळतो: आपल्याकडे कोणी बघत नाही असं समजून पोट सोडतो.

हे सगळं अर्धपोटी. 80 किलोच्या मुलाने आठवड्याला 400 ते 800 ग्रॅमच उतरावं; घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातो. म्हणजे आठ किलो उतरवायला दहा ते वीस आठवडे. प्रोटीन किलोमागे दोन-सव्वादोन ग्रॅम, म्हणजे दिवसाला 160 ते 180. अंड्याच्या एका पांढऱ्यात साडेतीन-चार ग्रॅमच असतं, तेव्हा हिशेब लिहूनच ठेवावा लागतो.

घोळ होतो तो शेवटच्या तीन दिवसांत, कातडी पातळ दिसावी म्हणून पाणी तोडल्यामुळे. स्नायूचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि ग्लायकोजेन म्हणजे स्नायूत साठणारी साखर, तिच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी लागतं. पाणीच नाही तर भात खाऊनही स्नायू भरत नाही, पंप (रक्त भरून येणारा फुगीरपणा) येत नाही, स्टेजवर गोळे येतात. वर लघवीची गोळी घेतली तर पोटॅशियम बिघडून हृदयाचे ठोके चुकतात. यात जीव गेलेले आहेत. पोरांनो, ही गोळी घेऊ नका. पाणी आणि मीठ नेहमीसारखंच ठेवा.

पंचांच्या नजरेवर निकाल लागतो, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. जिम्नॅस्टिक्समध्येही गुण पंचच देतात. शरीरसौष्ठवपटू प्रेमचंद डेगरांना खेळाडूंचा अर्जुन पुरस्कार मिळाला, 2002 च्या बुसान आणि 2006 च्या दोहा एशियाडमध्ये शरीरसौष्ठव होतं. खरी अडचण स्टेरॉइडसारख्या औषधांची आहे, आणि तिथे आपल्या बाजूने बोलायला तोंड राहत नाही. बाकीच्या खेळांत नमुने घेतात, पकडला गेला तर पदक जातं. गल्लीतल्या स्टेजवर हे कोण करणार? प्रवेशिका भरायच्या आधी आयोजकांना एवढं विचारा: नमुने घेणार का, आणि ते कुठे तपासणार?