सॅनिटरी कमिशनची गोधडी: 28 पैकी 17 चौकटी झाल्या

अमेरिकन यादवी युद्धात (1861–65) उत्तरेकडच्या बायकांनी लष्करी इस्पितळांतल्या खाटांसाठी गोधड्या शिवून पाठवल्या. आजारी आणि जखमी सैनिकांसाठी मदत गोळा करणाऱ्या सॅनिटरी कमिशन या संस्थेने मागितलेलं माप सुमारे 7 फूट लांब, 50 इंच रुंद, कापड स्वस्तातलं. त्यातल्या फारच थोड्या उरल्या आहेत. वापरून विरल्या, काही जवानांबरोबर मातीत गेल्या.

तशीच 28 चौकटींची गोधडी आपण सगळ्या मिळून शिवतोय. त्यासाठी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या, विशेषतः तिथल्या मेन राज्यातल्या बायकांची रीत आपल्याला सोयीची आहे. प्रत्येक चौकट म्हणजे एक पूर्ण छोटी गोधडी. वरचा भाग, कापसाचा थर, अस्तर, चारी बाजूंनी गोट, आणि मग चौकटी एकमेकींना जोडायच्या. अख्खी गोधडी मोठ्या लाकडी सांगाड्यावर ताणून बसायला नको, प्रत्येकीने घरी आपापली पुरी करायची.

आपली चौकट नऊ तुकड्यांची. तुकडा 4.5 इंच, शिवण पाव इंच. चार कोपरे आणि मधला तुकडा पांढरा, बाकी चार गडद. 44 इंच पन्ह्याचं पांढरं 2 मीटर, गडद 1.75, अस्तराला मांजरपाट 3.5, गोटाला 1.25 मीटर. मांजरपाट रात्रभर भिजवून वाळवल्याशिवाय कापू नका, पहिल्याच धुण्यात आटतो आणि वरचं कापड फुगतं.

मापात एक गफलत हमखास होते. नऊ तुकडे जोडल्यावर चौकट 12.5 इंच भरते आणि पुढच्या शिवणीत पाव इंच जाईल असं धरून सगळ्या जणी 12 चा हिशोब करतात. इथे काठ शिवणीत जातच नाही, 1.25 इंची एकेरी गोट त्याच्यावरून वळतो. म्हणून 4 चौकटींची रुंदी नेमकी 50, पण 7 ओळींची लांबी 87.5. साडेतीन इंच जास्त, तसंच ठेवतोय.

धावदोऱ्याच्या दोन ओळींमधलं अंतर 2 इंचांपेक्षा जास्त झालं तर धुतल्यावर कापसाचे गोळे होतात. जुन्या लुगड्यांच्या थरांच्या आपल्याकडच्या गोधडीला ही भीती नसते.

मधल्या पांढऱ्या तुकड्यावर नाव, गाव, एखादी ओळ. तेव्हा बायबलची वचनं असत, थट्टाही असे. त्या काळच्या लोहयुक्त शाईने कापड खाल्लं, अक्षरांच्या जागी भोकं राहिली. पिगमेंट शाईचं पेन घ्या, कापडाखाली पॉलिश पेपर ठेवा म्हणजे ते सरकत नाही, लिहून झाल्यावर इस्त्री फिरवा. लिहिणं गोट लावण्याआधीच उरका. तुकडा बिघडला तर उसवून बदलता येतो.

जोडताना सुलट बाजू समोरासमोर, फक्त गोटाच्या कडा पकडत तिरके टाके, इंचाला 10 ते 12. दोरा ओढला की कडेला वरंबा उठतो. चार कोपरे भेटतात तिथे भोक राहतंच, मागून तीन-चार टाके जास्त घाला.

उरलेल्या 11 पैकी 6 चौकटींच्या गडद लाल तुकड्यांचा रंग अजून पाण्यात उतरतोय. ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून रंग लागेनासा होईपर्यंत ते तुकडे पांढऱ्याला जोडायचे नाहीत.