करीचा कोंबडा आणि दुसऱ्या दिवशीचे सूप

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आमच्या लातूरकडच्या मांसाहारी घरांतून गावरान कोंबड्याच्या रश्श्याचा वास येऊ लागतो. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि संक्रांतीची गुळाची पोळी असे दोन गोड, शाकाहारी दिवस गेलेले असतात, त्यामुळे करीच्या रश्श्याची वाट घरातील लहानथोर सगळेच पाहतात. कर सोमवारी किंवा गुरुवारी आली, तर आमच्याकडे कोंबडा एक दिवस पुढे ढकलला जातो, पण चुकत मात्र नाही. जेवणे उरकली की पातेल्याच्या तळाशी जे उरते, ते दरवर्षी जवळपास तेच असते: पाठ, मान, पंखांची टोके, पंजे आणि छातीचे कोरडे म्हणून कोणी न घेतलेले तुकडे. पूर्वी हे सारे आमच्या घरी टाकून दिले जाई. गेली काही वर्षे मी त्याचे सूप करते आणि आता करीइतकीच त्या दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहते.

या सुपाचा निर्णय करीच्या दिवशीच, रस्सा होण्यापूर्वी घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी मला हे कळले नव्हते. रश्श्यातील उरलेले तुकडे मी तसेच पाण्यात टाकून तासभर उकळले आणि हाती आला तो पातळ झालेला, शिळ्या खोबऱ्याचा वास मारणारा रस्सा. काळ्या मसाल्यातील दगडफूल, भाजलेले खोबरे आणि तीळ एकदा मांसात मुरले की कितीही धुतले तरी निघत नाहीत आणि दुसऱ्यांदा उकळल्यावर त्यांना कडवटपणा येतो.

उपाय मात्र आपल्याच पद्धतीत आहे. आपण कोंबडा थेट मसाल्यात शिजवत नाही. आधी थोड्या तेलात कांदा, आले-लसूण, हळद आणि मीठ घालून तो परततो, वर ताटात पाणी ठेवून वाफ देतो आणि मग आधणाचे पाणी घालून त्याची अळणी, म्हणजे मसाला न घातलेला पातळ रस, करतो. लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्या माणसाला हीच अळणी वाटीभर दिली जाते. ती तयार झाली, की मसाला घालण्याआधी मी पाठ, मान, पंख, पंजे, छातीचे दोन-तीन तुकडे आणि दोन वाट्या अळणी वेगळी काढून ठेवते. ताटातील उष्टी हाडे मी कधीही वापरत नाही. ज्यांना पंजे चालत नाहीत त्यांनी ते वगळावेत, पण माझा आग्रह आहे की वगळू नयेत. जाळावर धरून त्यांची पिवळी साल सोलावी, नखे छाटावीत आणि ते स्वच्छ धुऊन मगच शिजायला घालावेत. सुपाला जो अंगचा दाटपणा येतो, त्यात पंजांचा वाटा सर्वांत मोठा असतो.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कातडी, सांधे आणि शिरा यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. पाण्यात मंद आचेवर दीर्घकाळ राहिल्यावर ते विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि हेच जिलेटिन गार झाल्यावर पाण्याला थिजवते. बाजारातील ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा असतो, तर आपला अंगणात फिरलेला कोंबडा अनेक महिन्यांचा, कधी वर्षाचाही असतो. वयाबरोबर कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट जखडत जातात, म्हणून गावरान मांस शिजायला वेळ घेते. करीच्या दिवशी हाडाजवळचे हे सारे सत्त्व पुरते सुटलेले नसते, ते दुसऱ्या दिवशीसाठी शिल्लक असते.

वेगळे काढलेले मांस आणि अळणी उघड्यावर ठेवू नये. आमच्याकडे जानेवारीत रात्री थंडी चांगली पडते, म्हणून पूर्वी पातेले खिडकीत ठेवले जाई, पण दुपारी तीच हवा तापते. 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून दोन तासांच्या आत सारे पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये गेले पाहिजे. वीज गेलीच, तर फ्रिजचे दार उघडू नये, आणि ती चार तासांहून अधिक वेळ गेली असेल, तर मोह आवरून ते टाकून द्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाडांवरचे मांस हाताने सोडवून बाजूला ठेवावे. हाडे लोखंडी तव्यावर खरपूस भाजावीत, एक कांदा अर्धा चिरून त्याची कापलेली बाजू त्याच तव्यावर काळपट होऊ द्यावी, आणि हे सारे पंजांसह दोन लिटर गार पाण्यात घालावे. सोबत आल्याचा तुकडा, आठ-दहा मिरे, एक तमालपत्र आणि कोथिंबिरीच्या काड्या एवढेच पुरे. पाण्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, इतकीच आच असावी. खळखळून उकळले तर चरबी पाण्यात मिसळते आणि सूप गढूळ, जड होते. मी तीन तास ठेवते. घाई असेल तर प्रेशर कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण तासात काम होते, कारण दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू 120 अंशांच्या आसपास जातो, मात्र चव थोडी बोथट होते असे माझे मत आहे. नंतर ते मलमलच्या फडक्यातून गाळून त्यात अळणी मिसळावी. मीठ या वेळी घालूच नये, कारण ते अळणीत आधीच असते.

आता त्याला पोटभरीचे करायचे. परदेशात उरलेल्या टर्कीच्या अशाच सुपात तांदूळ किंवा शेवया घालतात. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या असताना दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. ताकातल्या कण्या खाऊन वाढलेल्या माणसाला त्यांची चव सांगायला नकोच. मी मालदांडी या ज्वारीच्या वाणाच्या कण्या वापरते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेली परभणी शक्ती ही लोह आणि जस्त अधिक असलेली ज्वारी 2018 साली आली, तीही मिळाल्यास घ्यावी. अर्धी वाटी कण्या दोन तास भिजवून सुपात घालाव्यात आणि अर्धा तास मऊ शिजू द्याव्यात. तळाशी लागतात, म्हणून पातेल्याजवळून हलू नये.

भाज्यांसाठी बाजारात जावे लागत नाही. भोगीच्या भाजीसाठी आणलेली टोपली अजून रिकामी झालेली नसते. तिच्यातील गाजर, सोलाणे, तुरीचे ओले दाणे आणि वालाच्या शेंगा, जे असेल ते कण्या अर्ध्या शिजल्यावर घालावे. सुगडातील वाणाला मात्र मी हात लावत नाही, ते देवापुढचे आहे. वांगे घालू नये, त्याने सूप काळवंडते. सोडवलेले मांस अगदी शेवटी, भांडे उतरवण्यापूर्वी पाच मिनिटे घालावे, आणि त्या पाच मिनिटांत सुपाला चांगली उकळी येऊ द्यावी. ते आधीच शिजलेले असल्याने जास्त वेळ राहिले तर त्याचा चोथा होतो.

फोडणीला तेल घेऊ नये. गाळलेले सूप निवताना वर जी पिवळी चरबी तरंगते, तीच चमचाभर काढून तापवावी आणि तिच्यात पातीचा लसूण बारीक चिरून टाकावा. तो वास घरभर पसरला की वेगळा मसाला लागत नाही. आमच्याकडे या टप्प्यावर दरवर्षी एक वाद होतो. आत्याबाई म्हणतात, "अगं, चिमूटभर येसर तर टाक, नुसतं पाणी काय प्यायचं?" येसरात भाजलेली धान्ये आणि डाळ असल्याने सुपाला दाटपणा येतो हे खरे, म्हणून त्यांच्या वाटीत मी ते वेगळे कालवून देते. पातेल्यात मात्र मी फक्त लिंबू पिळते. काळा मसाला किंवा शेंगदाण्याचे कूट घातले, तर आपण फिरून रश्श्याकडेच जातो, आणि हाडांतून काढलेली ती मंद, गोडसर चव झाकली जाते.

हे सूप फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. रात्रीतून कण्या फुगतात आणि सकाळी चमचा उभा राहील इतके ते घट्ट होते, तेव्हा आधणाचे पाणी घालून पुन्हा नीट उकळी आणावी. शेवटच्या दिवशी मी पाणी घालत नाही. आत्याबाई रात्रीची ज्वारीची भाकरी ताटात कुस्करतात, त्यावर हे घट्ट, वाफाळते सूप ओततात आणि येसराचा डबा जवळ ओढून घेतात.