डिसेक्शन टेबलापाशी: काख आणि ब्रेकियल प्लेक्सस

मेडिकलच्या पहिल्या वर्षी डिसेक्शन (दान केलेल्या देहाचं विच्छेदन) टेबलाभोवती बहुधा दोघातिघांचेच हात चालतात, बाकीचे मागे उभे राहून ऐकतात. नुसतं ऐकलेलं ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं (नर्व्ह्जचं) जाळं, आठवड्याभरात विरून जातं, स्वतः सोडवलेलं मात्र टिकतं. म्हणून टेबलावर पाळ्या लावून घ्या. ज्याच्या हातात हत्यार नाही, त्यानं मॅन्युअलमधली पुढची पायरी मोठ्यानं वाचावी. त्यानंही शिकणं होतंच, शिवाय घाईत काही कापलं जात नाही.

देह टिकवायला वापरलेल्या फॉर्मलिननं डोळे झोंबतात. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा घाला, नायट्राइलचे ग्लोव्हज वापरा. नाक वासाला सरावतं, पण वाफ काही कमी झालेली नसते. तेव्हा खिडक्या-पंखे चालू ठेवा. स्काल्पेलचं पातं बदलताना बोटं लावू नका, आर्टरी फोरसेप्सनं (पकड असलेल्या चिमट्यानं) धरून बसवा. 22 नंबरचं पातं 4 नंबरच्या हँडलवर बसतं, तर 10, 11 आणि 15 नंबरची 3 नंबरच्या हँडलवर. चुकीची जोडी जबरदस्तीनं बसवायला गेलं की हात कापतो.

पहिली चूक होते ती कातडी काढताना. काखेजवळची कातडी पातळ असते, त्यामुळे पांढरट थर संपून पिवळी चरबी दिसली की पातं थांबलं पाहिजे. उचललेल्या कातडीला आतून चरबीचे जाड गोळे चिकटून येत असतील, तर तुम्ही खोल गेला आहात आणि त्वचेच्या नसा कातडीबरोबर निघून चालल्या आहेत. इंटरकोस्टोब्रेकियल नर्व्ह याच पायरीला सर्वांत आधी तुटते. ती काख ओलांडून दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीकडे जाते.

यानंतर स्काल्पेल बाजूला ठेवा. देहाचा हात साधारण 90 अंश बाजूला करा, पेक्टोरॅलिस मेजर आणि मायनर हे छातीचे स्नायू उलटवून घ्या आणि चरबी कात्रीनं मोकळी करा: टोक मिटलेलं आत घालायचं, मग उघडायचं. उघडायची दिशा नसांना समांतर हवी. आडवी उघडली की बारीक फांद्या फाटतात. ॲक्झिलरी व्हेन (काखेतली शीर) ॲक्झिलरी आर्टरीच्या (धमनीच्या) आतल्या बाजूला असते आणि तिच्या लहान फांद्या सगळं झाकून टाकतात; त्या काढल्या तरी चालतं. बरगड्यांकडची चरबी मात्र ओढून काढू नका. बरगड्यांवरच्या सेरॅटस अँटिरियर स्नायूवर लाँग थोरॅसिक नर्व्ह असते, ती चरबीबरोबर सहज उपटली जाते.

आता आर्टरीच्या समोर इंग्रजी एम अक्षराचा आकार शोधा. हा सापडला की निम्मं काम झालं. बाहेरचा पाय मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह, मधला खाच असलेला भाग म्हणजे मीडियन नर्व्हची दोन मुळं आणि आतला पाय अल्नर नर्व्ह. खात्री करायची असेल तर मस्क्युलोक्युटेनियस खाली शोधत जा, ती दंडातल्या कोराकोब्रेकियालिस स्नायूच्या आत शिरते. अल्नर कोपराच्या आतल्या हाडामागे जाते. मग आर्टरी हलकेच उचला. तिच्या मागे पोस्टिरियर कॉर्ड (प्लेक्ससच्या तीन जाड दोरांपैकी मागचा) आहे. त्यातून रेडियल नर्व्ह खाली जाते आणि ॲक्झिलरी नर्व्ह क्वाड्रँग्युलर स्पेसमधून (स्नायूंमधल्या चौकोनी फटीतून) पाठीकडे वळते.

कॉर्ड्सना लॅटरल, मीडियल, पोस्टिरियर ही नावं आर्टरीच्या दुसऱ्या भागाच्या, म्हणजे पेक्टोरॅलिस मायनरमागच्या भागाच्या संदर्भात आहेत. खाली दंडाजवळ उभं राहून ही नावं जुळवायला गेलात की गोंधळ ठरलेला. माझ्या मते मुलांचा सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. नाव लावायचं ते नस कुठून आली आणि कुठे गेली हे दोन्ही पाहून. नुसती जाडी किंवा रंग बघून लावू नका.

दिवस संपला की ओलं कापड घालून भाग झाका. देहाची बोटं सर्वांत आधी सुकतात, आणि सुकलेल्या ऊतीत पुढचं काहीच सुटं होत नाही. काढलेली चरबी, कातडी त्याच देहाच्या डब्यात जायला हवी, कारण अंत्यविधीसाठी तो देह एकत्रच द्यायचा असतो. शेजारच्या टेबलाचा डबा जवळ आहे म्हणून त्यात टाकणं हा देहदात्याचा अवमान आहे.

आठवड्यातून एकदा बाकीच्या टेबलांवरही फिरून या. एखाद्या देहात मस्क्युलोक्युटेनियस नसतेच. अशा वेळी दंडाच्या पुढच्या स्नायूंना मीडियनकडून फांद्या जातात. स्पॉटिंगच्या (टाचणी लावलेला भाग ओळखायच्या) परीक्षेत टाचणी दुसऱ्याच टेबलावरच्या नसेला लावलेली असू शकते.