वजनाच्या नोंदीइतकीच आईच्या दुधाची नोंद महत्त्वाची

दीड किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ अतिदक्षता विभागात दाखल झाले की आईवडील रोज सकाळी एकच प्रश्न विचारतात : आज वजन किती वाढले? पहिल्या आठवड्यात बहुधा ते घटलेलेच असते. शरीरातील जास्तीचे पाणी निघून जात असल्याने अशा बाळांचे वजन १० ते १५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते आणि जन्मवजन पुन्हा गाठायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

नवजात शिशू विभागात काम करताना मला मात्र त्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच एका नोंदीची उणीव जास्त जाणवते. बाळाचे तापमान, लघवी, सलाईन, सारे काही तक्त्यावर असते. आईने चोवीस तासांत किती वेळा आणि किती दूध काढले, हे पुष्कळदा कुठेच नसते. बाळाच्या वाढीचा पाया तर तिथेच घातला जातो.

१२०० ग्रॅमच्या बाळाला सुरुवातीला दिवसभरात १२ ते २४ मिलिलिटर, म्हणजे दर दोन तासांनी एक-दोन मिलिलिटर दूध नळीने दिले जाते. एवढा चीक बहुतेक माता काढू शकतात, फक्त प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांतच कोणीतरी शेजारी बसून त्यांना हाताने दूध काढायला शिकवले पाहिजे. पुढे हेच बाळ दिवसाला सुमारे २०० मिलिलिटरपर्यंत पोहोचते. दिवसातून आठ वेळा, रात्रीही, दूध काढण्याची सवय सुरुवातीपासून लागली नसेल, तर नेमक्या त्या वेळी दूध कमी पडते आणि मग आईलाच दोष दिला जातो. हे अन्यायाचे आहे.

दूध अपुरे असेल तेव्हा इतर मातांनी दान केलेले दूध साठवणाऱ्या मानवी दुग्धपेढीचा आधार असतो. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेल्या या दुधातील काही संरक्षक घटक कमी होतात, तरीही आतड्यांच्या नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस या घातक आजाराचा धोका पावडरच्या दुधापेक्षा त्यात कमी असतो.

आईचे दूध सर्वोत्तम असले तरी एवढ्या लहान बाळाला केवळ त्यावर प्रथिने पुरत नाहीत. त्याला दर किलोमागे रोज साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने लागतात आणि पूर्ण प्रमाणात दूध देऊनही साधारण दोनच ग्रॅम मिळतात. कॅल्शियम आणि फॉस्फरसचीही तीच गत. म्हणून दुधात फॉर्टिफायर, म्हणजे हे घटक पुरवणारे पूरक, मिसळतात. हे ऐकून आपले दूध पातळ आहे अशी समजूत करून घेणाऱ्या आईला नीट समजावणे, हासुद्धा उपचारच आहे.

जन्मवजन गाठल्यावर दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. पण सूज आली तरी काटा वर जातो, म्हणून डोक्याचा घेर आणि लांबी दर आठवड्याला मोजावी. घेर अर्धा ते एक सेंटिमीटर वाढावा. आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बाळाला रोज निदान आठ तास ठेवणाऱ्या कांगारू पद्धतीने वजन वाढायला मदत होते आणि आईचे दूधही वाढते. त्यासाठी आईला केवळ भेटीच्या वेळेत आत सोडून भागत नाही; बाळाच्या खाटेजवळ तिच्यासाठी टेकून बसता येईल अशी खुर्ची, तिचे जेवण आणि दूध काढण्याची आडोशाची जागा विभागातच असायला हवी.