ब्रुकलिनची नहेम्याची घरं आणि शास्त्राला धरून चालणाऱ्या मंडळ्या

न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनच्या पूर्व भागात ब्राउन्सव्हिल आणि ईस्ट न्यूयॉर्क असे दोन भाग आहेत. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायला आलेली माणसं तिकडे फिरकत नाहीत. मॅनहॅटनहून ३ नंबरची ट्रेन धरायची आणि रॉकअवे अ‍ॅव्हेन्यूला उतरायचं. तिकिटाची खटपट नाही, फाटकावर बँकेचं कार्ड टेकवलं की आत. (निघण्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या.) थोडं चाललं की विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या दुमजली घरांच्या रांगा लागतात. दिसायला अगदी साध्या. नगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या माझ्यासाठी तीच यात्रा होती.

१९७०च्या दशकात इथे इमारती जळत होत्या, मालक त्या सोडून जात होते. १९८०च्या सुमारास इथल्या चर्चनी ईस्ट ब्रुकलिन चर्चेस ही संघटना बांधली. पुढे नावात काँग्रिगेशन्स आलं. पाठीशी इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन, म्हणजे सॉल अलिन्स्की यांनी १९४० मध्ये शिकागोत काढलेली, लोकांना संघटित करणारी संस्था. १९८२ मध्ये पहिल्या ‘नहेम्या’ घरांसाठी कुदळ पडली. हे नाव बायबलमधल्या नहेम्याचं, ज्याने यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हा बांधून घेतला. शहराने जमीन आणि घरामागे १०,००० डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं, बांधकामासाठीचा पैसा चर्चनी बिनव्याजी पुरवला. घर सुमारे ५०,००० डॉलरला पडायचं. सफाई कामगार आणि नर्स यांना परवडणारं.

पैसा देणाऱ्यांत कॅथलिक होते, एपिस्कोपल होते, याचं नवल नाही. लुथरन चर्च–मिझुरी सिनड हा कर्मठ प्रोटेस्टंट पंथही होता, याचं आहे. हे लोक स्त्रियांना पाळकपदाची (चर्चच्या धर्मगुरूची) दीक्षा देत नाहीत, पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, चूक आहे असं ऐकून घेत नाहीत, आणि इतर पंथांबरोबर उपासना करणं त्यांच्या नियमात बसत नाही. ते संघटनेत आले कसे, हे समजून घ्यायला मी गेले होते.

‘सामाजिक न्याय’ म्हणत त्यांच्या दारात गेलात तर चहाही मिळणार नाही. बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक उघडून गेलात तर बसवून घेतात. तिसऱ्या अध्यायात यरुशलेमचा कोट कुणी कुठे बांधला याची यादी आहे, सोनारापासून याजकापर्यंत. वाचायला कंटाळवाणी, पण संघटकांना तीच हवी असते. पाचव्या अध्यायात नहेम्या गरिबांकडून व्याज घेणाऱ्या सरदारांवर संतापतो, मोठी सभा भरवतो आणि त्यांच्याकडून सगळ्यांसमक्ष वचन घेतो. संघटनेची जाहीर सभा नेमकी अशीच चालते. शहराचा अधिकारी व्यासपीठावर, समोर मंडळ्यांचे शेकडो सभासद, आणि प्रश्न एकच: करणार का, हो की नाही?

आक्षेपही शास्त्रातूनच येतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितलंय, मग महापौराला जाब का विचारायचा? अलिन्स्कींच्या १९७१च्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ल्युसिफरचा, म्हणजे सैतानाचा, उल्लेख आहे, तोही काही पाळक सुनावतात. खरं तर संघटक ज्या गोष्टीला सर्वांत महत्त्व देतात ती फार साधी आहे: वन-टू-वन. पाऊण तास एका माणसाशी बोलायचं, त्याची काळजी कशाची ते ऐकायचं, अर्ज पुढे करायचा नाही. गर्भपात आणि समलिंगी विवाहावर एकमत होणार नाही, म्हणून ते विषय टेबलावर येतच नाहीत. घर, शाळा, रस्त्यावरची सुरक्षितता एवढंच. मला हे थोडं सोयीचं वाटतं, पण घरं उभी राहिलीत हे नाकारता येत नाही.

खरी अडचण प्रार्थनेची. मिझुरी सिनडचे डेव्हिड बेंकी २००१ साली ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्समध्ये पाळक होते. २३ सप्टेंबर २००१ रोजी यँकी स्टेडियममधल्या सर्वधर्मीय प्रार्थनासभेत त्यांनी प्रार्थना केली, म्हणून २००२ मध्ये सिनडने त्यांना निलंबित केलं. २००३ मध्ये ते निलंबन रद्द झालं. तेव्हा संयुक्त सभा ठरवताना सुरुवातीची प्रार्थना कोण करणार आणि कशी, हे आधी पाळकांशी बोलून घ्या. घरांच्या मागणीला पाठिंबा देणारा पाळक त्या दोन मिनिटांपायी गैरहजर राहू शकतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं. रविवारी पाळकांशी बोलायला जाऊ नका, त्या दिवशी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. बॅप्टिस्ट मंडळ्यांत बुधवारी संध्याकाळी बहुधा बायबल अभ्यास असतो, तेव्हा आधी कळवून जा. दुकानाच्या गाळ्यात भरणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळीचा पाळक अनेकदा दिवसा नोकरी करतो, त्याला रात्रीची वेळ मागा. निर्णय कोण घेतं ते विचारून ठेवा: कुठे एकटा पाळक, कुठे सभासदांचं मतदान. ‘तुम्ही येशूला कधी स्वीकारलं?’ असं विचारतील. हिंदू असाल तर सरळ तसं सांगा, आढेवेढे घेतलेले कळतात. मिझुरी सिनडच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस देण्याच्या) वेळी पाहुण्यांनी आपणहून पुढे जाऊ नये. मी सीएनआयची असूनही बाकावरच बसून राहिले. घरांचे फोटो काढाल तर रस्त्यावरूनच, आत माणसं राहतात.

शनिवार-रविवारी सबवेचे मार्ग बदलतात, ते निघण्याआधी पाहा. आणि संघटनेची सभा नऊला संपेल असं सांगितलं असेल तर ती नऊलाच संपते, परतीची गाडी त्या हिशेबाने धरा.