डायोड ओके, तरी व्होल्टेज निम्मं

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या टेस्टिंग विभागात त्या दिवशी नव्या लॉटचे बोर्ड एकामागोमाग एक नापास होत होते. टाकीतली पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचे बोर्ड. सेन्सर चालवणाऱ्या ४० किलोहर्ट्झच्या सिग्नलचा, म्हणजे ड्राइव्हचा, जोर तपासायला त्यात एक साधं हाफ-वेव्ह रेक्टिफायर (एसीची एकच बाजू घेऊन डीसी करणारं सर्किट) असतं: एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), चार्ज साठवणारा १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर. आत १२ व्होल्ट पीक (शिखर), तर बाहेर ११च्या वर हवेत. मीटर सहाच्या आसपास दाखवत होता.

"सर, कपॅसिटर बदलून बघितला. डायोडही काढून तपासला, एकदम ओके आहे," टेस्टिंगवरच्या ताई म्हणाल्या. त्यांचं काम चोख असतं, त्यामुळे ते पुन्हा करण्यात अर्थ नव्हता.

स्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला, त्याचा प्रोब दहापटीच्या सेटिंगवर. एकपटीवर प्रोबचेच शंभरेक पिकोफॅरड सर्किटला चिकटतात आणि १ नॅनोफॅरडपुढे ते थोडे नाहीत. एक आवर्तन २५ मायक्रोसेकंदांचं, रेझिस्टर-कपॅसिटरचा टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर किती लवकर रिकामा होतो ते ठरवणारा काळ) १ मिलिसेकंद. म्हणजे दोन शिखरांमध्ये व्होल्टेज फार तर पाव-एक व्होल्ट उतरावं. इथे शिखर गाठल्यावर आउटपुट साइन वेव्हचा हात धरून चार-एक मायक्रोसेकंद खाली येत होतं आणि मग सपाट होत होतं. एवढा चार्ज तो रेझिस्टर इतक्या वेळात ओढूच शकत नाही. उरली एकच वाट: ज्या डायोडने चार्ज आत सोडला, त्यातूनच तो परत जात होता.

जनरेटरवरून ५ किलोहर्ट्झ दिले, तर पीक अगदी बरोबर. मग शंका उरली नाही. डायोडवर छापलं होतं १एन४००७. आमच्या यादीत आहे यूएफ४००७. दोन्ही १००० व्होल्ट, १ अँपिअरचे, आकारही तोच; पुरवठादाराने 'सेम आहे' म्हणून बदलून दिलेला. पण १एन४००७ हा ५० हर्ट्झच्या मेन्ससाठीचा डायोड. पुढे वाहताना त्याच्यात साठलेला चार्ज उपसला जाईपर्यंत तो उलट दिशेनेही वाहत राहतो आणि त्याला काही मायक्रोसेकंद लागतात. यूएफ४००७ ला ७५ नॅनोसेकंद पुरतात. मीटरचा डायोड मोड हे दाखवूच शकत नाही, तिथे सगळं स्थिर डीसीवर चालतं.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कपॅसिटरची क्षमता. परत जाणारा चार्ज सहा नॅनोकूलंबच्या घरातला. १ नॅनोफॅरडवर तो सहा व्होल्ट खातो. तेवढाच चार्ज १० मायक्रोफॅरडवर एक मिलिव्होल्टसुद्धा हलवत नाही. म्हणूनच मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या पॉवर सप्लायमध्ये असा डायोड निमूट खपून जातो. कपॅसिटर वाढवणं आम्हाला परवडणारं नव्हतं: मोठा कपॅसिटर हळू रिकामा होतो, आणि ड्राइव्ह पडला की अलार्म तत्काळ वाजायला हवा.

ताईंनी यूएफ४००७ बसवला, मीटर सव्वाअकरावर गेला. संध्याकाळपर्यंत लॉटमधले सगळे डायोड बदलून झाले आणि आवक तपासणीच्या कागदावर ४० किलोहर्ट्झवरची चाचणी लिहिली गेली.