एका चार्जिंगमध्ये किती जाते?

आमचं बोटीवरचं घर इंग्लंडच्या कालव्यांवर फिरतं, विजेच्या मोटरवर, जोडीला डिझेल इंजिन. लॉकवर, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पाण्यात चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारांच्या हौदावर, उभे राहून बोटी बघणारे लोक विचारतात, काठाने कुत्रा फिरवणारे आजोबा विचारतात, व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून मावशी विचारते, आणि आता तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी विचारलंय: "तुमची बोट बॅटरीवर चालते ना, मग एका चार्जिंगमध्ये किती जाते?" तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. पाच-सहा तास. म्हणजे साधारण २५ किलोमीटर. मधल्या लॉकमध्ये पाणी भरायची वाट बघत थांबतो तेव्हा मोटर बंदच असते, त्यामुळे लॉक दिवस खातात पण बॅटरी खात नाहीत.

एवढं ऐकून लोकांचं समाधान होतं. माझं होत नाही, कारण आमच्या बोटीतल्या विजेची खरी गोष्ट या आकड्यात नाहीच. एक माणूस मात्र नेमकं बोलला. माझे मामा महावितरणमधून निवृत्त झालेत. त्यांनी किलोमीटर विचारलेच नाहीत. "अगं, रोजचे युनिट किती लागतात, आणि डिसेंबरात ते येणार कुठून, एवढं सांग," म्हणाले. त्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी बोटीची थोडी ओळख.

इंग्लंडच्या मध्यभागातले कालवे अठराव्या शतकात खणले, कोळसा आणि चिनी माती वाहायला. बांधकामाचा खर्च आणि पाणी दोन्ही वाचावं म्हणून पुष्कळ लॉक जेमतेम ७ फूट रुंदीचे ठेवले. त्यामुळे बोट ६ फूट १० इंचांची, त्याहून रुंद चालत नाही. आमची लांबी ५७ फूट. या मापाची बोट इथल्या जवळजवळ सगळ्या कालव्यांवर फिरू शकते. पोलादी सांगाडा, सतराएक टन वजन, आणि आत आगगाडीच्या डब्यासारखं लांबच लांब घर. नवरा आणि मी बारा महिने यातच राहतो.

कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे. प्रत्यक्षात ३ मैलांनी जातो, आणि काठाला बांधलेल्या बोटींच्या शेजारून त्याहून हळू. पाणी उथळ, पात्र अरुंद. बोट पुढे सरकताना पुढचं पाणी बाजूंनी मागे यायला जागाच थोडी. वेग जरा वाढवला की बोटीची मागची बाजू खाली बसते, काठाला लाट आपटते आणि जास्तीची सगळी ताकद नुसतं पाणी घुसळण्यात जाते. ताशी ३ मैलांना आमची मोटर अडीच किलोवॉटच्या आसपास घेते, ४ मैलांना दुपटीहून जास्त. इथल्या चहाच्या काही किटल्याच ३ किलोवॉटच्या असतात. सतरा टन लोखंड हलवायला किटलीपेक्षा कमी वीज, हे मलाही पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं.

मग डिझेल इंजिन कशाला ठेवलंत, हा पुढचा प्रश्न. इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या, म्हणजे हायब्रिड, बोटींच्या दोन जाती आहेत. एकीत इंजिनाचा पंख्याशी, म्हणजे पाण्यात फिरून बोट पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरशी, संबंधच नसतो. ते फक्त जनरेटर, बॅटऱ्या भरतं, आणि पंखा कायम मोटरच फिरवते. ही सीरिज जात. आमची पॅरलल. इंजिन आणि १० किलोवॉटची मोटर एकाच शाफ्टवर, मधे क्लच. क्लच सोडला की मोटर एकटी पंखा फिरवते. क्लच धरला की इंजिन पंखाही फिरवतं आणि जाता जाता त्याच मोटरलाही, आणि मोटर उलट वीज करायला लागते. तासाला पाचेक युनिट बॅटरीत पडतात.

यात इंजिनाचंही भलं होतं. ४० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन कालव्यावर दिवसभर त्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शावर फटफटत राहिलं की सिलिंडरच्या भिंती आतून गुळगुळीत होतात आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. जनरेटरचं ओझं टाकलं की त्याला थोडं तरी काम मिळतं. आणि सेव्हर्न किंवा ट्रेंटसारख्या नदीवर पाऊस होऊन गेला असेल, प्रवाह उलटा असेल, तर मोटर पूर्ण ताकदीने दीड तासात बॅटरी संपवेल. तिथे इंजिन हवंच. फक्त कालव्यांवर फिरायचं असतं तर मी सीरिज घेतली असती. नवरा नदीवेडा आहे.

आता मामांचा प्रश्न.

बॅटरी बँक ४८ व्होल्टची. १२ का नाही? १० किलोवॉट १२ व्होल्टवर ओढायचे तर आठशेच्या वर अँपिअर लागतील, तेवढी जाड केबल आणायची कुठून आणि वळवायची कशी. ४८ व्होल्टवर तेच काम २०८ अँपिअरमध्ये होतं. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज हे मात्र १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी ४८चे १२ करणारा कन्व्हर्टर आहे. घरगुती उपकरणांना २३० व्होल्ट देणारा इन्व्हर्टर वेगळा. इंजिन सुरू करायची बॅटरी या सगळ्यापासून अलग, साधी लेड-अ‍ॅसिडची. बाकी काहीही रुसलं तरी इंजिन चालू झालं पाहिजे.

मुख्य बँक लिथियम आयर्न फॉस्फेटची, ३.२ व्होल्टचे १६ सेल ओळीने, साधारण २० युनिटची. मामांनी इथे भुवया उंचावल्या. त्यांचा भरवसा लेड-अ‍ॅसिडच्या ट्यूब्युलर बॅटरीवर. लोडशेडिंगच्या काळात सगळ्या आळीच्या इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर टाकायला तेच जायचे. त्यांना म्हटलं, मामा, तुमची बॅटरी का टिकायची? लाइट आली की रात्रभर चार्जिंग होऊन काठोकाठ भरायची म्हणून. लेड-अ‍ॅसिडचा शेवटचा २० टक्के भाग भरायला तासन् तास लागतात, आणि तो वारंवार राहिला की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, बॅटरी बसते. आमच्याकडे हिवाळ्यात तेवढी सलग वीज मिळतच नाही. लिथियमला अर्धपोटी राहिलेलं चालतं, उलट आवडतं. शिवाय लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवायची नाही असा दंडक, लिथियममधली ८० टक्के निर्धास्त वापरता येते.

तिची स्वतःची पथ्यं आहेत. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही, आत धातूचं लिथियम जमून सेल कायमचा बिघडतो. म्हणून आमचे सेल बोटीच्या आत, पाण्याच्या पातळीखाली ठेवलेत. कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरला तरी खालचं पाणी शून्याच्या वर असतं. सेलांवर देखरेख करणारी बीएमएस नावाची पाटी असते, ती धोका दिसला की सर्किट तोडते. इंजिनावर फिरून वीज करणारा साधा अल्टरनेटर थेट लिथियमला जोडला आणि तो चालू असताना बीएमएसने असं अचानक तोडलं, तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. न तोडताही ती इतका करंट ओढते की मंद चालणाऱ्या इंजिनाचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. स्वस्तात सेल आणून जुन्या बोटीत बसवणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगते. आणि फ्यूज क्लास टी जातीचाच घ्या. लिथियम बँक शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, साधा फ्यूज वितळला तरी त्यातून ठिणगीची कमान चालूच राहू शकते.

आता हिशेब. आमचा मुक्काम कायमचा कुठेच नाही. अशा बोटींना १९९५च्या कायद्याप्रमाणे एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. हिवाळ्यात आम्ही ती मुभा पुरेपूर वापरतो, म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा तीनचार तास बोट हलते. त्याला लागतात आठ-दहा युनिट. घराला रोज चार ते पाच: फ्रिज, दोन लॅपटॉप, राउटर, दिवे, पंप, इंडक्शनवर कुकर, शिवाय सगळं जागं ठेवणाऱ्या इन्व्हर्टरची स्वतःची भूक. दोन आठवड्यांचे साठ-पासष्ट. बोट चालवण्यापेक्षा बोटीत राहायला सहासात पट वीज लागते, आणि लोक मला किलोमीटर विचारतात.

छतावर २ किलोवॉटची सौर पॅनेल आहेत. जूनमध्ये स्वच्छ दिवशी ८ युनिट सहज देतात, दुपारी कुठे खर्चू असं होतं. डिसेंबरात रोजचं १ युनिटसुद्धा धड नाही. बर्मिंगहॅमला २१ डिसेंबरचा दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा, आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या १४ अंशच वर. मुंबईत त्याच दुपारी तो ४७ अंशांवर असतो. पॅनेल तिरकी उभी केली तर थोडं जास्त मिळतं, पण चालत्या बोटीत ती सपाटच ठेवावी लागतात, पुढचा पूल ठेंगणा असतो. काठावर झाडं असली तर विषयच संपला.

म्हणजे पन्नास-साठ युनिटची तूट. ती डिझेल भरून काढतं. लिटरमागे तीनेक युनिट धरले तर पंधरवड्याला अठरा-वीस लिटर, इंजिन दहा-बारा तास. तेही रात्री ८ ते सकाळी ८ लावायचं नाही, शेजारी बोटी असताना तशी मनाईच आहे. त्यामुळे हिवाळ्यात आमचा दिवस इंजिनाच्या वेळेने चालतो. ते लागलं की वॉशिंग मशीन, ते लागलं की इस्त्री. डिझेल घेताना चालवायला किती आणि घराला किती हे सांगावं लागतं, कारण कर वेगळा. चालवायला ६० टक्के आणि घराला ४० असा सरसकट प्रघात आहे. आमचा खरा वाटा याच्या पार उलटा.

मामांनी हे सगळं कागदावर मांडलं आणि म्हणाले, "म्हणजे चार महिने तू जनरेटरवर राहतेस." हो मामा.

ऊब विजेवर नाही, हे राहिलंच. ती कोळशा-लाकडाच्या शेगडीची. बॅटरीतून घर गरम करायला निघालं तर एका संध्याकाळीच रिकामी होईल. आंघोळीच्या पाण्याचा मुद्दा मात्र कुणी विक्रेता आपणहून सांगत नाही. डिझेल बोटीत इंजिनाच्या उष्णतेवर पाण्याची टाकी फुकटात तापते. मोटरवर दिवसभर फिरलात की संध्याकाळी नळाला गार पाणी. उन्हाळ्यात आम्ही उरलेली सौर वीज टाकीतल्या हीटरला देतो, मधल्या ऋतूंत थोडी तारांबळ होते.

विजेवर बोट ही कल्पना नवी समजू नका. ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर हेअरकॅसल नावाचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे, १८२७ साली इंजिनिअर टेलफर्डने पुरा केलेला. वाफेवरच्या बोटींच्या धुराने आत माणसं गुदमरायची, म्हणून १९१४ साली तिथे विजेची टग बोट आणली. ती कालव्याच्या तळाशी टाकलेल्या पोलादी दोरावरून स्वतःला ओढत जायची आणि मागे माळेने बोटी. सुरुवातीला तिच्या बॅटऱ्या वेगळ्या बोटीत लादून न्याव्या लागत, पुढे डोक्यावरच्या तारेतून वीज दिली. १९५४ साली दक्षिण तोंडाला मोठाले पंखे बसवले, हवा खेळती झाली, आणि डिझेल बोटी आपापल्या आत जाऊ लागल्या. आम्ही मोटरवर जातो तेव्हा त्या पंख्यांचीच काय ती घरघर.

शांततेचा एक धोका आहे. पंख्यात काही अडकलं की मागचं झाकण उघडून पाण्यात हात घालून काढावं लागतं. प्लॅस्टिक, दोर, आणि बर्मिंगहॅमजवळ एकदा अख्खी साडी. डिझेल चालू असेल तर ऐकू येतं. मोटर सज्ज आहे की बंद, हे कानाला कळत नाही. वर कुणाचा धक्का लिव्हरला लागला तर पंखा फिरणार. आमच्याकडे मेन स्विच काढून त्याची किल्ली खिशात घातल्याशिवाय कुणी झाकणाला हात लावत नाही, पाहुणेसुद्धा.

राहिला पैशांचा प्रश्न, तो दबक्या आवाजात विचारतात. वसूल होत नाहीत. साधी डिझेल बोट तासाला लिटर-दीड लिटर जाळते. मोटर, सेल, कन्व्हर्टर यांचा खर्च एवढ्याशा बचतीतून निघायला बोटीचं आयुष्य पुरणार नाही. एप्रिल ते सप्टेंबर इंजिन जवळजवळ लागत नाही, सुकाणूवर उभं राहून गप्पा मारता येतात, बगळा उडत नाही, याचे पैसे आम्ही दिले. तेवढी हौस नसेल आणि बोटीत राहायचंच असेल, तर जुनं इंजिन तसंच ठेवा. आधी छत पॅनेलांनी भरा, मग घरापुरती लिथियम बँक घ्या. मोटर त्यानंतर पैसे उरले तर.